वायफाय रुसलंय? आधी मोबाइल बघा

लॅपटॉपवर वायफायचं नेट येत नसेल तर घाबरू नका, विंडोज पुन्हा टाकायची वेळ सहसा येत नाही.

आधी त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का बघा. मोबाइल डेटा बंद करून हं, नवखे इथेच फसतात. त्यावरही नेट नसेल तर लॅपटॉप निर्दोष. राउटरचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं द्या.

मोबाइल चालतोय, लॅपटॉपच अडलाय? मग:

- एअरप्लेन मोड बघा. बऱ्याच कीबोर्डवर वरच्या ओळीत विमानाचं चित्र असलेलं बटण असतं, धूळ पुसताना दाबलं जातं. मी यापायी अख्खी संध्याकाळ घालवली आहे.
- वायफायच्या यादीत आपलं नेटवर्क 'फर्गेट' करून, म्हणजे लॅपटॉपला विसरायला लावून, पासवर्ड नव्याने टाका.
- खोली बदलली की नेट जातं? बरेच राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वायफाय देतात. 5 वालं वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतं. 2.4 वाल्यावर जोडून बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणारच नाही. आणि राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात पिन घालू नका! सगळी सेटिंग पुसली जातात.

ड्रायव्हर, डीएनएस वगैरे किचकट तांत्रिक गोष्टी आत्ता नको. एवढं करून अडलंच, तर स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा लिहून पाठवा.