साहेब तोंडानं सांगतात, सही माझी असते

सांगलीजवळच्या कुपवाडहून आलेलं पत्र थोडं कापून देते आहे. नाव, कंपनी, शिफ्ट, ओळख पटेल असं सगळं काढलंय.

"ताई, मिरजेत मेकॅनिकल डिप्लोमा केला. आठ महिने झाले, कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत ट्रेनी आहे. मागच्या महिन्यात एका लॉटमध्ये बोअर, म्हणजे जॉबमधलं (पार्टमधलं) भोक, मोठा आला. ड्रॉइंगवर माप ३२ एच ७, म्हणजे ३२ मिलिमीटरचा बोअर ३२.०२५ पर्यंत चालतो, मला काही जॉब ३२.०३१ मिळाले, म्हणजे मिलिमीटरचे सहा हजारांश, सहा मायक्रॉन, जास्त. साहेबांना फोन केला तर म्हणाले, 'सहा मायक्रॉनसाठी गाडी अडवतीस काय? ओके कर.' मी ओके केलं. तीन आठवड्यांनी माल परत आला. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'रिपोर्टवर सही कुणाची आहे?' मी काहीच बोलले नाही. तेव्हापासून रोज काही ना काही. ऑपरेटरसमोर ओरडतात, रात्री दहाला फोन करतात, 'म्हणून पोरींना शॉपवर घेऊ नये' असं म्हणतात. पप्पा म्हणतात, सोड, स्थळं बघायला लागू. आई म्हणते, वर्ष काढ. अशा साहेबाशी कसं वागायचं? का सोडूच?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा साहेबांचा राग आला, दुसऱ्यांदा थोडा तुझाही. राग धरू नकोस. पण तुला ३२.०३१ दिसलं होतं आणि तू ओके लिहिलंस. त्या सहीचं काय, हे आधी बोलू. साहेबांचं ओरडणं त्या मानानं किरकोळ आहे.

तुझ्या वयाची असताना मी एका कारखान्यात स्टोअरला होते. आमचे साहेब खिडकीतनंच सांगायचे, "बेअरिंगं सोड, इंडेंट मागनं येईल." इंडेंट म्हणजे माल मागायचा सहीचा कागद. मी सोडायची. इंडेंट कधी यायचं, कधी नाही. स्टॉक मोजायची वेळ आली तेव्हा माल कमी भरला आणि साहेबांना काही आठवेना. मी रॅकच्या मागे जाऊन रडले. तिथं एक जुने मामा होते, सातवी शिकलेले. त्यांचा माल कधीच कमी भरला नाही. टेबलावर त्यांची एक वही असायची, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात लिहिलेलं असायचं: "११.४०. साहेब बोलले. ६२०५ बेअरिंग, ४ नग. इंडेंट बाकी." संध्याकाळी पाच वाजता मामा वही घेऊन केबिनमध्ये जायचे आणि म्हणायचे, "साहेब, एवढ्या सह्या राहिल्यात." भांडण नाही, तक्रार नाही, आवाजही वर नाही. साहेब पुटपुटायचे आणि सही करायचे. पुढं पुढं तर मामांकडून काही न्यायचं असलं की साहेब इंडेंट लिहूनच पाठवायचे. माझ्याकडून मात्र तोंडीच न्यायचे, कारण माझ्याकडे वही नव्हती.

साहेबांचा स्वभाव तुला बदलता येणार नाही, ते तुझं कामही नाही. त्यांच्या तोंडचा शब्द कागदावर आणणं मात्र तुझ्या हातात आहे.

आता तुझ्या लॉटकडे येते. लहान राहिलेला बोअर परत कापता येतो. मोठा झाला की संपलं, धातू परत चिकटवता येत नाही. बहुतेक वेळा असं होतं की इन्सर्ट (कापणारं पातं) झिजत जातो, बोअर लहान यायला लागतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) वाढवत नेतो. मग इन्सर्ट बदलतो आणि ऑफसेट तसाच राहतो. लगेच बोअर मोठा. तुझ्याकडेही असंच झालं असेल तर खराब जॉब लॉटभर विखुरलेले नसणार, इन्सर्ट बदलला तिथून पुढं सलग असणार. हे आधी बघून मग फोन करायचा होता.

तू साहेबांना सांगितलंस, "बोअर मोठा येतोय." दुसऱ्या बाजूनं विचार कर. गाडी गेटवर उभी आहे, कस्टमरचा माणूस दर अर्ध्या तासाला फोन करतोय, त्यांची लाइन थांबली तर डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वसुली, येणार आणि मालक ती आधी साहेबांना दाखवणार. त्यात तू फक्त एक संकट त्यांच्या हातात ठेवलंस. तो माणूस ओके करच म्हणणार. साहेबांची बाजू घेत नाही मी, पण ते कशाखाली दबलेत हे तुला माहीत असलं तर बोलणं वेगळं होईल.

समज, लॉट २४० चा आहे. तू फोन करायच्या आधी मोजून, वेगळे काढून, लाल ट्रेमध्ये ठेवून मग म्हणतेस: "साहेब, इन्सर्ट बदलल्यानंतरचे ८१ ते १२६, असे ४६ जॉब मोठे आहेत, जास्तीत जास्त ३२.०३१. वेगळे ठेवलेत. बाकीचे १९४ चांगले आहेत, ते गाडीत भरते. या ४६ साठी कस्टमरकडे डेव्हिएशन मागायचं का?" डेव्हिएशन म्हणजे मापाबाहेरचा माल सोडायची लेखी परवानगी. आता साहेबांपुढं गाडी सोडायची की अडवायची एवढाच प्रश्न उरत नाही. गाडी जाणारच आहे. खडूस साहेबांपैकी निम्मे तरी इथंच जरा मऊ होतात, हे मी बऱ्याच मुलांकडून ऐकलंय.

आणि ते तरीही म्हणाले, "सगळे ओके कर"? मग फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज: "साहेब, आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे: ४६ जॉब ३२.०२७ ते ३२.०३१ आहेत, रिपोर्टमध्ये प्रत्यक्ष माप लिहिते आहे. पाठवायचे असल्यास डेव्हिएशनवर आपली सही लागेल, फॉर्म टेबलावर ठेवलाय." भाषा अशीच साधी ठेव. "तुम्हीच सांगितलं होतं, लक्षात ठेवा" असला सूर नको, तो सापळा वाटतो. आणि मेसेज गाडी सुटायच्या आधी गेला पाहिजे. माल परत आल्यावर केलेल्या मेसेजला कुणी विचारत नाही.

रिपोर्टच्या रकान्यात मात्र आकडाच लिहायचा, ३२.०३१. साहेबांनी लेखी दिलं तरी तिथं "ओके" लिहायचं नाही. मोजलेलं तुझं असतं. सोडायचं की नाही, हे ज्याला अधिकार आहे त्याचं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यात राहिल्या तर "सही कुणाची" या प्रश्नाला घाबरायचं कारण उरत नाही.

हे मी पदरचं सांगत नाही. तुमच्या ऑफिसबाहेर भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट आहे का, वाचून बघ. आयएसओ ९००१:२०१५ असेल तर त्याच्या ८.७ कलमात, मापात न बसलेल्या मालाचं काय केलं आणि तो निर्णय कुणाच्या अधिकारानं झाला, याची नोंद ठेवायला सांगितलीय. गाड्यांचे पार्ट बनत असतील आणि आयएटीएफ १६९४९ असेल, तर तिथं कस्टमरची परवानगी घेतल्याशिवाय असा माल पुढं जाऊ शकत नाही. शिवाय क्वालिटीची जबाबदारी असलेल्या माणसाला माल थांबवायचा अधिकार असला पाहिजे, हेही त्यात लिहिलंय. हे साहेबांच्या तोंडावर फेकायचं नाही. आठ महिन्यांच्या ट्रेनीनं कलम सुनावलं की काय होतं ते मी पाहिलंय. पण डेव्हिएशनचा फॉर्म कुठं असतो आणि त्यावर कुणाची सही चालते हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. शिकायला आलेली मुलगी म्हणूनच विचार, कुणाला खटकणार नाही.

झालेल्या लॉटचंही एकदा मोकळं करून टाक. गाडी गेल्यावर, चहाच्या वेळी, केबिनमध्ये, एकटी. शॉपवर ऑपरेटरसमोर नको, तिथं कुणीच माघार घेत नाही. "साहेब, माप दिसत असताना मी ओके लिहिलं, ती माझी चूक. इथून पुढं माप जसं आहे तसं लिहीन आणि अडचणीचा लॉट तुमच्या सहीशिवाय सोडणार नाही." आपली चूक आधी कबूल केली की दुसरं वाक्य बोलायला बळ येतं. ते चिडतील. चिडू देत. त्या दिवशी वाद घालू नकोस, फक्त पुढच्या लॉटला तसंच वाग.

ऑपरेटरसमोर ओरडले तर तिथल्या तिथं एवढंच म्हण, "साहेब, बघते आणि दहा मिनिटांत सांगते." आणि दहा मिनिटांत खरंच सांग. रात्रीच्या फोनचं म्हणशील तर आधी आठवडाभर नोंद ठेव, कशासाठी येतात त्याची. बऱ्याचदा "आज किती गेले, किती अडकले" एवढंच विचारायचं असतं. मग शिफ्ट सुटताना तूच तीन ओळींचा मेसेज टाकत जा: पाठवले किती, थांबवले किती, कशामुळं. निम्मे फोन आपोआप बंद होतील. उरले तर मात्र सकाळी उलटा फोन केलास तरी चालेल.

"पोरींना शॉपवर घेऊ नये" याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. बोअर गेजला मुलगी आणि मुलगा कळत नाही, एवढं तुलाही ठाऊक आहे. एकदा शांतपणे सांग, "साहेब, कामाबद्दल बोला, सुधारते. हे नको." पण बोलणं अंगावर, कपड्यांवर, नको त्या विषयावर गेलं, किंवा स्पर्शापर्यंत गेलं, तर वर सांगितलेलं काहीही लागू नाही. तिथं जुळवून घ्यायचं नसतं. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्यानं कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते; त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण लिहायला संकोच वाटला असेल तर म्हणून सांगून ठेवते. ट्रेनी असलीस तरी हा कायदा तुला लागू आहे.

आता "ट्रेनी" या शब्दाचं. तू नेमकी कुठली ट्रेनी आहेस? सरकारी पोर्टलवर नोंदलेला अप्रेंटिसचा करार आहे, कंपनीची स्वतःची ट्रेनी आहेस, का कंत्राटदाराच्या पगारावर? मुलं आठ-आठ महिने काम करतात आणि हे त्यांना सांगता येत नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली असशील तर तू कामगार नाहीस, शिकाऊ आहेस. अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय तुला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही, आणि कंपनीशी कराराबद्दल वाद झाला तर तो त्यांच्याकडेच जातो. डिप्लोमावाल्यांची ही अप्रेंटिसशिप वर्षाची असते, म्हणजे तुझे चार महिने उरलेत. मग मी आईच्या बाजूची: पूर्ण कर, प्रमाणपत्र घे आणि जा. कंत्राटदाराच्या पगारावर असशील आणि पीएफचा पत्ता नसेल, तर इतकं सोसायचं कशासाठी, हा प्रश्न मीच तुला विचारीन.

सोडायचं कधी, याची माझी खूण सरळ आहे. वर सांगितलेलं दोन महिने करून बघ. ओरडणं चालूच राहिलं तरी शिकणं चालू असेल, तर थोडं थांबता येईल. पण खोटं माप लिहायला सांगणं थांबलं नाही, तर एक दिवसही जास्त नको. असा माल गाडीत बसतो, गाडीत माणसं बसतात, आणि कागदावर नाव तुझं असतं. जाताना राजीनामा ईमेलनं दे, नोटीस पाळ, पगाराच्या स्लिपा आणि अनुभवाचं पत्र घे. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवली असशील तर ती आजच परत माग, सोडेपर्यंत थांबू नकोस. आणि हातात दुसरं काहीतरी धरूनच सोड: दुसरी नोकरी, नाहीतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश. तो डिप्लोमाच्या मार्कांवर मिळतो, वेगळी परीक्षा नाही. मार्क चांगले असतील तर इथं सांगलीत विश्रामबागेत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आहेच, घरून जाऊन-येऊन होईल.

पुढचं तुझ्या पप्पांसाठी, त्यांना वाचायला दे. दादा, मुलगी रडत घरी आली की बापाला "सोड" म्हणावंसं वाटणारच. पण साहेब वाईट निघाला म्हणून स्थळं बघायची, यातलं गणित मला लागलं नाही. तुमच्या मुलानं हेच पत्र लिहिलं असतं तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? तिला सहा मायक्रॉनचा फरक पकडता येतो. असली नजर मार्केट यार्डात हळदीची प्रत ओळखणाऱ्या माणसाला येते, पण तिथं त्याला वीस वर्षं लागतात. तिचं लग्न व्हायचं तेव्हा होईल. तोवर ती चिडलेली दिसली तर "आज किती अडकले?" एवढं विचारा, आणि ऐकून घ्या.

बाळ, नेमणूकपत्राची झेरॉक्स आणि शेवटच्या दोन पगारस्लिपा घेऊन ये, मग कराराचं नक्की सांगते. आणि मामांसारखी वही आजपासून ठेव, येताना तीही आण. दोन आठवड्यांत तीत काय काय लिहिलंस ते बघू.