वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयातील नेतृत्व-प्रशिक्षणाची आखणी

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात द्वितीय वर्षाच्या ४० विद्यार्थ्यांसाठी नेतृत्वविकासाचा वर्षभराचा उपक्रम आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एक संस्था जुलैमध्ये तीन दिवसांची कार्यशाळा घ्यायला तयार आहे. तेवढ्यावर भागेल का?
– एक प्राध्यापिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : भागणार नाही. कार्यशाळा घ्यायची असेल तर ती दिवाळीनंतर घ्यावी. काम अंगावर पडलेले नसताना ऐकलेली सूत्रे वहीतच राहतात; दोन-तीन कामे निभावताना अडलेला विद्यार्थी मात्र व्याख्यात्याला नेमके प्रश्न विचारतो.

उपक्रमाचा सांगाडा नव्याने उभारण्याची गरज नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करणे आणि सात दिवसांच्या निवासी शिबिरात सहभागी होणे अपेक्षित असते. आपल्याकडे हे युनिट असेल, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून त्याच्याशीच उपक्रम जोडून घ्यावा. आठ-आठ जणांचे पाच गट करावेत, प्रत्येक गटाला पहिल्या सत्रात एक खरे काम द्यावे आणि गटप्रमुख दर महिन्याला बदलावा. खरे काम म्हणजे ज्यात थोडे पैसे, ठरलेली तारीख आणि महाविद्यालयाबाहेरच्या माणसांशी व्यवहार आहे असे काम. स्वागतगीत आणि हारतुरे त्यात मोजू नयेत.

खरा कस शिबिरात लागतो, आणि माझ्या मते श्रमदानापेक्षाही भोजन समितीत. भाजी आणायला गेलेला मित्र उशिरा परतला, पन्नास जणांची पंगत खोळंबली, तर रात्रीच्या आढावा बैठकीत समितीप्रमुख मुलीने ते सर्वांसमोर कसे मांडावे? मित्र म्हणून झाकावे की त्याचा पाणउतारा करावा? बैठकीत तीनच प्रश्न ठेवावेत : काय ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, उद्या काय बदलायचे. इतिवृत्त विद्यार्थ्यांनीच लिहावे. आपण मागे बसावे आणि शक्यतो बोलू नये. शिक्षकांना हे फार जड जाते.

निवडीविषयी एक सावधगिरी बाळगावी. वक्तृत्व स्पर्धेतील विजेत्यांची यादी घेऊन ४० नावे भरू नयेत. एसटीच्या पासवर रोज ये-जा करणारी मुले सायंकाळच्या बैठकीला कधीच थांबू शकत नाहीत, म्हणून बैठका दुपारच्या मोकळ्या तासात ठेवाव्यात. मुलींकडे रांगोळी आणि सूत्रसंचालन, मुलांकडे जमाखर्च आणि ग्रामपंचायतीशी बोलणी, ही वाटणी आपोआप होते. ती पहिल्याच महिन्यात जाणीवपूर्वक मोडावी. मुलींच्या निवासी शिबिरासाठी मात्र पालकांना महिनाभर आधी भेटावे, केवळ संमतिपत्र पाठवून भागत नाही.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षा नको. प्रत्येकाची कामाची नोंदवही आणि गटातील सहकाऱ्यांचे अभिप्राय पुरेसे आहेत. शेवटच्या दोन महिन्यांत या ४० जणांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे एकेक काम हिशेबासह सोपवावे, आणि त्या मुलांना ते काम कितपत जमले, हेही नोंदवहीत यावे.