पोटदुखीच्या आधीचे एकवीस दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशन कक्ष आहे आणि आठवड्यातले काही दिवस मी तिथे बसते. जानेवारीच्या अखेरीस एक आई आपल्या सातवीतल्या मुलीला घेऊन आली. तिने खुर्चीवर बसण्याआधीच विचारले, "मॅडम, हिचं पोट रोज शाळेच्याच टायमाले दुखते जी. आता तुमीच सांगा, हिले शाळेत पाठवू का घरीच ठेवू?" हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून कितीतरी वेळा येतो, म्हणून या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून ही हकीकत लिहीत आहे. मुलगी घरात थोरली असल्यामुळे इथेही तिला थोरलीच म्हणते.

पोट दुखते असे मूल सांगत असेल तर आधी डॉक्टरांनी तपासावे, हा माझा नेम आहे. ते ढोंग आहे असे गृहीत धरून कामाला लागणाऱ्या समुपदेशकावर मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही. थोरलीची लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी झाली, त्यांत काही निघाले नाही. हिमोग्लोबिन मात्र ९.८ होते. या वयाच्या मुलीला ते १२ च्या वर हवे, म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि जंताचीही गोळी दिली. रक्त कमी असल्याने थकवा येतो, वर्गात लक्ष लागत नाही, हे खरेच. पण सकाळी नऊला सुरू होऊन शाळेची घंटा झाल्यावर, अकराच्या सुमारास थांबणारे आणि रविवारी अजिबात न दुखणारे पोट त्याने समजत नव्हते.

असे दुखणे खोटे नसते, हे आईला मी दोनदा सांगितले. भीतीने आतडी आवळतात, मळमळते, हातपाय गार पडतात. परीक्षेच्या दिवशी मोठ्या माणसांनाही शौचाला जावे लागते ते याच कारणाने. मूल घरी राहिले की भीती टळते आणि पोट थांबते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते अधिक जोराने दुखते, कारण घरी राहिल्याने बरे वाटते हे शरीराला आता ठाऊक झालेले असते. प्रश्न एवढाच उरतो की भीती कशाची. शाळेत कोणी मारते का, चिडवते का, वाटेत कोणी अडवते का, फळ्यावरचे दिसते का, हे सगळे विचारून झाले. थोरली मान हलवून नाही म्हणत राहिली.

मी आईला दोन गोष्टी आणायला सांगितल्या. वर्गशिक्षकांकडून हजेरीपटावरच्या तारखा उतरवून आणायच्या आणि घरात टांगलेले कॅलेंडर आणायचे. आमच्या भागात कॅलेंडर हे घराचे खातेवही असते. दूध, गॅसची टाकी, मजुरी आणि उधारी त्या चौकटींतच लिहिलेली असते. पुढच्या आठवड्यात ती नव्या वर्षाच्या कॅलेंडरबरोबर जुनेही गुंडाळी करून पिशवीतून घेऊन आली. नोव्हेंबरचे पान उघडले तर जवळजवळ प्रत्येक तारखेखाली निळ्या शाईने कापूस वेचल्याचे किलो लिहिले होते. वरचा आकडा आईचा होता, अडतीस, एक्केचाळीस, छत्तीस असा. काही चौकटींत त्याखाली लहान अक्षरांत दुसरा आकडा होता, तेरा, चौदा, पंधरा. तो थोरलीचा होता आणि अक्षरही तिचेच होते.

हजेरीपटाच्या तारखा मी कॅलेंडरशेजारी ठेवल्या. जूनअखेरीस आमच्याकडे शाळा उघडली तेव्हापासून दिवाळीपर्यंत मुलगी अवघे चार दिवस गैरहजर होती. दिवाळीनंतर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत एकवीस दिवस बुडाले होते आणि या एकवीसपैकी एकाही दिवशी पोट दुखले नव्हते. तेरा दिवस वेचणीचे होते. पाच मंगळवार होते. मंगळवार हा बाजाराचा दिवस, त्या दिवशी आई मजुरी घेऊन किराण्याला जाते आणि अडीच वर्षांच्या भावाला थोरली सांभाळते. तीन दिवसांचा हिशेब लागला नाही. पोटदुखीचे नऊ दिवस या सगळ्यानंतरचे होते. आई बराच वेळ त्या पानांकडे पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, "आमाले वाटलं, पोट दुखते म्हणून शाळा बुडून रायली."

या कामात मला सर्वांत अधिक वेळा दिसलेली गोष्ट हीच आहे. आईवडील सांगतात की मुलाला शाळेची भीती वाटते म्हणून ते जात नाही. हजेरीपट पाहिला की बहुतेक वेळा क्रम उलटा निघतो. आधी घरच्या कारणाने दिवस बुडतात. मग वर्गात काय चालले आहे ते कळेनासे होते, मैत्रिणींच्या जागा बदलतात, शिक्षकांनी विचारले की उत्तर येत नाही, आणि भीती त्यानंतर येते.

थोरलीशी एकटीशी बोलले तेव्हा हे तिच्या तोंडून ऐकायला मिळाले. ती नसताना वर्गात परिमेय संख्या होऊन गेल्या होत्या. एके दिवशी सरांनी तिला फळ्यापाशी बोलावले, तिला उदाहरण सुटले नाही आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "ते कापूस वेचाले जाते, तिले काय येईन." वर्ग हसला. सर रागावले नाहीत, उलट समजावून सांगतो म्हणाले. पण त्या दिवसापासून गणिताच्या तासाआधी तिच्या पोटात गोळा येऊ लागला. गणिताचा तास पहिलाच होता. उरलेल्या तीन दिवसांचाही उलगडा तिनेच केला. दिवाळीत तिला पाळी सुरू झाली होती आणि शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. हे तिने आईलाही सांगितले नव्हते.

मी तिला सहज विचारले, किलोला नऊ रुपये भाव असला तर चौदा किलोचे किती? ती पापणी न हलवता म्हणाली, "एकशे सव्वीस." मी म्हटले, सातवीच्या पुस्तकात ज्याला समप्रमाण म्हणतात ते हेच. तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. आपल्याला गणित येते हे त्या मुलीला तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

पुढच्या खेपेला वडील आणि आजीही आल्या. वडिलांचे म्हणणे साधे होते. "दोन दिवस नाई गेली त काय बिघडते जी? पोरगी हुशार हाये, अन् मास्तर पास त करतेतच." या बोलण्यात खोटे काही नव्हते. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही असे ठरले. पण आता महाराष्ट्रात पाचवीच्या आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत पुरवणी संधीनंतरही पास न झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसवता येते, आणि थोरलीची आठवी पुढच्याच वर्षी होती. त्याच कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी असे म्हटले आहे. दहातला एक दिवस बुडाला तर मुलाची गाडी रुळावरून घसरू लागते असे या विषयातले जाणकार धरतात. २२० चा दहावा भाग २२, म्हणजे महिन्याला दोन दिवसांहून थोडेसेच अधिक. वडील ज्याला दोन दिवस म्हणत होते ते वेचणीच्या हंगामात दर आठवड्याचे दोन दिवस होते.

मजुरीचा हिशेब वडिलांनी स्वतःच बोटांवर केला. तेरा दिवसांचे सोळाशे अडतीस रुपये झाले. ही रक्कम किरकोळ आहे असे मी म्हटले नाही, कारण त्या घरात ती किरकोळ नव्हती. खताची उधारी त्यातूनच फिटली होती. घरी बसून शिक्षणाचे महत्त्व सांगणाऱ्या आमच्यासारख्या पगारदार माणसांनी इथे जरा जीभ आवरावी असे मला वाटते. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग होते. ती वेचणी दुसऱ्याच्या शेतात मजुरीने झाली होती, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीपासून बंदी आहे. घरच्या शेतात शाळा सुटल्यावर किंवा सुटीत हातभार लावण्यापुरतीच सूट आहे. हे मी एकदाच सांगितले. धाक घातला की माणसे दुसऱ्या खेपेला येत नाहीत.

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, लेकराले पाहाले मी हावो ना. मले कोनी इचारतच नाई." घरातली निम्मी अडचण त्या एका वाक्याने सुटली. मंगळवारी नातू आजींकडे राहील आणि आई बाजाराला दुपारनंतर जाईल असे ठरले. आजींच्या गुडघ्याला दिवसभर धावपळ झेपणार नव्हती म्हणून शेजारच्या काकूंनीही अधूनमधून लक्ष ठेवायचे कबूल केले.

शाळेत परतण्याची पायरी मुख्याध्यापकांशी आणि वर्गशिक्षकांशी बोलून ठरवली. पहिले तीन दिवस थोरलीने परिपाठापासून दुपारच्या पोषण आहारापर्यंत थांबायचे, चौथ्या दिवसापासून पूर्ण वेळ. इतके दिवस कुठे होतीस, असे तिला वर्गासमोर कोणी विचारायचे नाही. फळ्यापाशी पहिल्यांदा बोलावायचे ते किलो-भावाच्या उदाहरणासाठी, ही कल्पना सरांचीच. बुडलेल्या धड्यांच्या वह्या वर्गातली एक मैत्रीण देणार होती.

घरच्यांना सांगितले ते जरा सविस्तर लिहिते, कारण खरे काम तिथेच असते. सकाळी उठल्याउठल्या "पोट दुखते का गं" असे विचारायचे नाही. विचारले की दुखतेच. दप्तर, पाण्याची बाटली, रिबिनी हे सारे रात्रीच काढून ठेवायचे. ताप, उलटी किंवा जुलाब असतील तरच घरी ठेवायचे. नुसते पोट दुखत असेल तर गणवेश घालून निघायचेच, शाळेत दुखले तर बाईंच्या खोलीत दहा मिनिटे पडता येईल. आणि घरी राहावेच लागले तर त्या दिवशी मोबाइल नाही, टीव्ही नाही, आणि धुणीभांडी किंवा लेकरू सांभाळणेही नाही. हे शेवटचे आईवडिलांना विचित्र वाटते. पण घरी राहणे ही मजा होऊ नये तशी ती घराची सोयही होऊ नये, नाहीतर मुलाने घरी राहावे असे नकळत आपल्यालाच वाटू लागते.

यात माझी एक चूक झाली. पहिल्या दिवसापासून वडिलांनी मोटरसायकलवर शाळेत सोडावे असे मीच सुचवले होते. दुसऱ्याच दिवशी फाटकापाशी थोरली गाडीवरून उतरेना, रडू लागली आणि वडील तिला परत घेऊन आले. विचारल्यावर कळले की आपल्याला पकडून आणले असे सगळ्यांना वाटते, याची तिला लाज वाटत होती. त्यानंतर वह्या देणारी मैत्रीण पावणेदहाला तिच्या दारावरून हाक मारू लागली आणि दोघी अडीच किलोमीटर पायी जाऊ लागल्या. हे मला आधी सुचायला हवे होते.

कडीचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निघाला. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, पण आमच्या भागात पुष्कळ जणी केवळ सहीपुरत्या असतात. थोरलीची आई सदस्य नव्हती. तिने तिच्या ओळखीच्या एका सदस्य बाईंना गाठले. पुढच्या आठवड्यात त्या बाईंच्या घरच्याच माणसाने बाजारातून कडी आणून बसवली. कितीला आली म्हणून मी विचारले, तर चाळीस रुपयांना.

प्रत्येक मुलाची गोष्ट अशी नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय पाहावी लागते. शाळेत मारहाण किंवा छळ होत असेल तर मुलाला आधी परत पाठवणे हे क्रौर्य ठरते आणि तिथे १०९८ या बालमदत क्रमांकाचा आधार घ्यावा लागतो. मूल घराबाहेरच पडत नसेल, झोप आणि भूक गेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवे. थोरलीच्या बाबतीत यांपैकी काही नव्हते.

फेब्रुवारीत ती तीन दिवस गैरहजर होती, त्यांतले दोन नात्यातल्या लग्नाचे. मार्चमध्ये एकच दिवस. चाचणीच्या दिवशी पोटात अजून गोळा येतो असे ती सांगते, पण ती जाते.

डिसेंबरात आई लोहाच्या गोळ्या नेण्यासाठी आली. या वेळी मी काही न सांगताच तिने पिशवीतून कॅलेंडर काढले. नोव्हेंबरच्या चौकटींत एकेकच आकडा होता. दोन रविवारांच्या चौकटींत मात्र खाली लहान अक्षरांत दुसराही होता, नऊ आणि अकरा. "आमच्याच वावरातला हाये जी," आई घाईने म्हणाली. मी कॅलेंडर गुंडाळून तिच्या हातात दिले आणि हिमोग्लोबिनचा कागद मागितला.