बँका आणि विमा कंपन्या चित्रसंग्रह का करतात? गुंतवणूक म्हणून का?

तुम्ही सुचवलेलं गुंतवणुकीचं कारण मला सगळ्यात लंगडं वाटतं. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली तेव्हा देणी होती ६०० अब्ज डॉलरच्या वर. २०१० साली तिच्या संग्रहातल्या कलाकृतींचा न्यूयॉर्कला लिलाव झाला, त्यातून आले साधारण सव्वा कोटी डॉलर.

पैसे सांभाळणाऱ्याकडे मांडून दाखवायला माल नसतो. संस्था उद्याही जागेवर असेल, हा भरवसा तो देतो, आणि तो भरवसा लोकांना डोळ्यांनी दिसावा लागतो; चित्रं-शिल्पं ते काम करतात. रिझर्व्ह बँकेच्या दिल्लीच्या इमारतीसमोर शिल्पकार रामकिंकर बैज यांचे अवाढव्य यक्ष-यक्षी उभे आहेत. यक्ष उद्योगाचा, यक्षी शेतीची; देशाचा पैसा कुठून येतो ते दारातच कळतं! शिवाय तिथे रोज काम करणारी माणसंही असतातच. अमेरिकेतल्या चेस मॅनहॅटन बँकेने डेव्हिड रॉकफेलर यांच्या पुढाकाराने १९५९ पासून चित्रं घेतली, ती ऑफिसांत लावायलाच.

खरी परीक्षा पुढे असते, सांभाळण्यात. मी नागपुरात सीताबर्डीला फ्रेमिंग करतो. मागे एका ऑफिसातून एक जलरंग आला. मागचा हार्डबोर्ड काढला तर कागदावर तपकिरी ठिपके, कडा लाटेसारख्या वर आलेल्या, काचेला चिकटलेल्या. मे महिनाभर समोर कूलर, मग पावसाळ्याची ओल. कागद फुगतो, आक्रसतो, बुरशी धरतो. पाठीवर पांढऱ्या रंगात डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे ऑफिसातल्या सामानाच्या नोंदवहीचा, नंबर होता. चित्रकाराचं नाव, साल, खरेदीची पावती, काही नाही. रजिस्टरात ते खुर्च्या-कपाटांच्या मधे ‘फोटो फ्रेम, १ नग’ म्हणून नोंदलेलं. याला मी संग्रह म्हणणार नाही. नीट चालवलेल्या संग्रहात प्रत्येक कामाचा फोटो, मोजमाप, कागदपत्रं, प्रकृतीचा अहवाल असतो, विम्यासाठी किंमत अधूनमधून नव्याने काढतात, आणि हे बघायला माणूस नेमलेला असतो.

चित्रकार सय्यद हैदर रझा इथल्याच नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. २०२३ मध्ये त्यांचं ‘जेस्टेशन’ हे चित्र लिलावात ५१.७५ कोटी रुपयांना गेलं. तेवढ्या पैशांच्या गोष्टी आपल्या पतसंस्थांनी करू नयेत. चित्रकला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनातून दरवर्षी दोन-तीन कामं विद्यार्थ्याला पूर्ण दाम देऊन घ्यावीत, माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, लावून कागद काचेपासून सुटा ठेवावा, आणि डेडस्टॉकपासून वेगळं रजिस्टर उघडावं. पहिल्या रकान्यात चित्रकाराचं नाव.