पीएसए उतरला, मग स्कॅनमधले डाग का वाढले?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलाय. नवीन उपचार चालू होऊन तीन महिने झाले, पीएसए (प्रोस्टेटच्या प्रोटीनचा रक्तातला आकडा) ८६ वरून ४ वर आला, पाठ पण दुखायची कमी झाली. पण परवाच्या बोन स्कॅनच्या रिपोर्टमध्ये दोन नवीन डाग लिहून आलेत. घरात सगळ्यांची झोप उडालीये. औषध लागूच पडत नाहीये का?

उत्तर : तुम्ही सांगताय त्यावरून उलटंच वाटतंय, औषध लागू पडतंय. असं बघा, बोन स्कॅनला कॅन्सर थेट दिसतच नाही. टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं जे औषध शिरेतून देतात ते जिथे नवीन हाड बनतंय तिथे जाऊन बसतं, मग ते मोडलेलं हाड जुळत असो, गुडघ्याचा संधिवात असो नाहीतर कॅन्सर. आता औषधाने कॅन्सरच्या पेशी मेल्या की तिथलं पोखरलेलं हाड भरून यायला लागतं, म्हणजे नवीन हाड बनतं, म्हणजे डाग आणखी गडद होतो, आणि आधी जी जागा दिसतच नव्हती तीही उजळते. याला आम्ही फ्लेअर म्हणतो आणि उपचाराच्या पहिल्या दोनतीन महिन्यांत तो हमखास घोळ घालतो. सीटी स्कॅनमध्येही तेच होतं, बरं होणारं हाड जास्त पांढरं दिसतं आणि रिपोर्टमध्ये 'नवीन' म्हणून नोंद होते.

म्हणूनच मोठ्या अभ्यासांमध्ये 'दोन अधिक दोन' असा नियम पाळतात. उपचारानंतरच्या पहिल्या स्कॅनमध्ये दोन नवीन डाग दिसले तरी लगेच आजार वाढला असं ठरवायचं नाही, किमान सहा आठवडे थांबून परत स्कॅन करायचा आणि त्यात आणखी दोन नवे निघाले तरच आजार वाढला म्हणायचं. तेवढे नाही निघाले तर आत्ताचा स्कॅन हाच पुढच्या तुलनेसाठी पाया धरायचा. तुमच्या रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट करावं', म्हणजे पेशंटच्या तब्येतीशी ताडून बघा, अशी ओळ असेल, ती आम्ही सवयीने लिहितो हे खरं, पण तुमच्या केसमध्ये तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. स्कॅन करणाऱ्याला बहुतेक वेळा पीएसए आणि दुखणं माहीतच नसतं, तर पुढच्या वेळी जुने रिपोर्ट आणि पीएसएचा कागद सोबत न्या.

फक्त एक. पाठ अचानक खूप दुखायला लागली, पायातली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर पुढच्या स्कॅनची वाट बघत बसू नका, मणक्यात मज्जारज्जू दाबला जात असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, मणक्याचा एमआरआय लागतो.

प्रश्न : पीएसएमए पेट स्कॅन सगळ्यात भारी म्हणतात, मग दर तीन महिन्यांनी तोच करून औषधाचा परिणाम का बघू नये?

उत्तर : भारी आहे, त्यात वाद नाही. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाचं प्रोटीन भरपूर असतं, त्याला चिकटणारा ट्रेसर, म्हणजे गॅलियम-६८ किंवा फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं औषध, देतात, त्यामुळे बारीक गाठी पण सापडतात. पण गडबड इथेच होते, आधी बोन स्कॅन केलेला, आता पीएसएमए केला, तीन डागांचे नऊ झाले, आणि घरचे रडायला लागले. ते नऊ कदाचित आधीपासूनच होते, आत्ता फक्त दिसले. तुलना नेहमी त्याच प्रकारच्या स्कॅनची, जमलं तर त्याच मशीनवर त्याच ट्रेसरने.

दुसरं म्हणजे हार्मोनचे उपचार या प्रोटीनवरच परिणाम करतात. सुरुवातीला काही जणांत ते वाढतं, म्हणून गाठ तेवढीच असून जास्त चमकते, आणि पुढे बराच काळ उपचार चालले की चमक कमी होते, पण म्हणून पेशी मेल्याच असं नाही. त्यामुळे रिपोर्टमधला एसयूव्हीचा, म्हणजे चमक किती ते सांगणारा, आकडा मागच्यापेक्षा किती कमी झाला यावर फार जीव टांगू नका. चमकेपेक्षा चमकणाऱ्या आजाराचं एकूण आकारमान किती बदललं आणि नवीन जागा निघाल्या का, हे मला जास्त कामाचं वाटतं. आणि पुढचा उपचार बदलणारच नसेल तर स्कॅन तरी कशाला?

प्रश्न : पेट स्कॅन करून आल्यावर नातवाला जवळ घेऊ का?

उत्तर : घ्या की, थोडं थांबून. गॅलियमचा किरणोत्सार ६८ मिनिटांत अर्धा होतो, फ्लोरिनचा ११० मिनिटांत, काही तासांत विषय संपतो. भरपूर पाणी प्या. ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाचे उपचार मात्र वेगळे, त्याला अर्धं व्हायला साडेसहा दिवसांच्या वर लागतात, तेव्हा हॉस्पिटल सांगेल तितके दिवस लांब राहायचं.

प्रश्न : रेडिएशन होऊन दीड वर्ष झालं. पीएसए ०.४ होता तो १.१ झाला. लगेच एमआरआय करू का?

उत्तर : रेडिएशननंतर पहिल्या दोनतीन वर्षांत पीएसए मधेच थोडा उसळी मारतो आणि आपोआप खाली येतो. सर्वात कमी आकड्याच्या वर २ गेला की आजार परतल्याची शंका घेतात, म्हणजे तुमच्यासाठी २.४. ऑपरेशन झालेल्यांचा हिशोब वेगळा, तिथे ०.२ लाच कान टवकारतात, तर शेजारच्या काकांच्या आकड्याशी आपला लावू नका. काही महिन्यांनी पीएसए परत करा, डॉक्टरांना दाखवा, चढतच राहिला तर मग स्कॅन.

प्रश्न : मिस्टरांचा पीएसए फक्त ०.८ आहे, तरी वजन उतरतंय आणि डॉक्टर स्कॅन सांगतायत. गरज आहे का?

उत्तर : आहे, टाळू नका. बरीच वर्षं उपचार झाल्यावर काहींच्या कॅन्सरचा स्वभावच बदलतो, तो पीएसए बनवायचं सोडतो आणि कधीकधी पीएसएमए पण, मग आकडा छान दिसतो आणि आजार लिव्हरमध्ये वाढत असतो. अशा वेळी सीटी आणि साखरेवर चालणारा एफडीजी पेट जास्त सांगून जातो, आणि तशी गाठ सापडली तर बहुधा तिचा तुकडा काढून तपासावा लागेल, कारण त्यावर औषधंच वेगळी असतात.