अ‍ॅड हॉक नेटवर्कवर प्रोजेक्ट घेतलाय, पोरीला नोकरी लागंल का?

औशाहून एका वडिलांचं पत्र आलंय. पोरगी इंजिनिअरिंगला, ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टला मोबाईल अ‍ॅड हॉक नेटवर्कचे रूटिंग प्रोटोकॉल, म्हणजे डेटानं कुठल्या वाटेनं जायचं याचे नियम, घेतलेत. पाहुणे म्हणतात यात नोकरी नाही, सरळ जावाचा क्लास लावा, प्रोजेक्ट काय पैसे दिले की तयार मिळतो.

दादा, तयार प्रोजेक्ट अजिबात घेऊ नका. इंटरव्ह्यूत "सीक्वेन्स नंबर कशाला लागतो?" एवढं विचारलं की गप्प बसलेली लेकरं मी बघितलीत, लई वाईट वाटतं.

विषय चांगलाय हो. टॉवर नाही, राऊटर नाही, प्रत्येक मोबाईलच दुसऱ्याचा डेटा पुढं पाठवतो आणि वर सगळे हलतेत. आपल्या भागानं 1993 ला किल्लारीचा भूकंप बघितलाय, अशा वेळी टॉवर बंद पडले तर बचाव टीमनं आपसात बोलायचं कसं, त्यासाठी हे कामाचं. आता वाट शोधायची कशी, तर त्याचे दोन प्रोटोकॉल बघा, ओएलएसआर आणि एओडीव्ही. ओएलएसआर म्हणजे एसटी स्टँडवरचा बोर्ड, प्रवासी असो नसो सगळ्या वाटा आधीच मांडून ठेवलेल्या. एओडीव्हीचं तसं नाही, गरज पडली की शेजाऱ्याला विचारायचं, तो त्याच्या शेजाऱ्याला, जिथं पत्ता लागला तिथून उत्तर त्याच वाटेनं माघारी येतं, मधला एखादा लांब गेला की एरर येतो आणि परत शोध सुरू. आणि आलेली वाट ताजी का शिळी हे सीक्वेन्स नंबरवरून कळतं, नाहीतर पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गोल गोल फिरत बसतील.

नोकरीचं खरं सांगतो, फक्त एओडीव्हीसाठी जागा निघत नाहीत. पण घरातल्या स्मार्ट लाईटच्या झिगबी नावाच्या वायरलेसमध्ये रूटिंग एओडीव्हीच्याच कल्पनेवर चालतं, आयओटीत, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंत, 2012 चा आरपीएल हा रूटिंग प्रोटोकॉल आहे, म्हणजे पाया कामी येतोच. पोरीला एनएस-3, म्हणजे कॉम्प्युटरवरच नेटवर्क चालवून बघायचं सॉफ्टवेअर, फुकट डाऊनलोड करू द्या, लिनक्सवर टाकायला सांगा, त्यात सी++ आपोआप होतं. एओडीव्ही आणि ओएलएसआर दोन्ही त्यात तयार आहेत, तिनं फक्त नोड, म्हणजे नेटवर्कातले मोबाईल, 10, 30, 50 असे वाढवायचे, वेग बदलायचा, किती पॅकेट पोचले, किती उशीर झाला, वाट शोधण्यातच किती मेसेज खर्ची पडले ते मोजायचं. सोबत एओडीव्हीचे नियम लिहिलेला 2003 चा आरएफसी 3561 हा दस्तऐवज रोज दोन पानं वाचायचा, अडलं तिथं खूण करायची.

जावा शिकू द्या की, सुट्टीत. पण हा प्रोजेक्ट सोडू नका, आणि पहिला ग्राफ निघाला की मला पाठवायला सांगा, रेघ कुठं खाली आली अन् का आली ते आपण फोनवर बसून बघू.