परत वाल दोर्चाच करा, पण मे महिना सोडून

प्रश्न वाचला. मागच्या वेळी मे महिन्यात फ्लोरेन्सहून दोन दिवसांसाठी इटलीतल्याच दक्षिण टस्कनीत, वाल दोर्चाला जाऊन आलात, जीव तिथेच अडकला, आता परत जायचंय आणि घरचे म्हणतायत तेच ते काय बघायचं, त्यापेक्षा इटलीच्या टाचेकडचं पुल्या करू. पुल्या छानच आहे, वादच नाही. तरी मी म्हणेन वाल दोर्चा करा, फक्त मेमध्ये नको आणि दोन दिवस तर अजिबात नको.

कारण असं की तुम्ही जे हिरवंगार बघून आलात ना, तो गहू होता. लोक त्याला सिनरी समजतात पण ती शेती आहे हो. थंडीच्या तोंडावर पेरतात, एप्रिल-मेमध्ये टेकड्या हिरव्या, जूनच्या शेवटी-जुलैत कापणी, मग नुसता पिवळा धसकटांचा माळ आणि त्यानंतर नांगरट. मेचे फोटो बघून ऑगस्टात जाणारे "सगळं उजाड होतं" म्हणत परत येतात. मला स्वतःला ती नांगरलेली जमीनच जास्त आवडते, आश्चानोच्या बाजूला तर नारळाएवढी राखाडी ढेकळं, चिकणमाती नुसती, पाऊस पडला की बुटाला असा काही गोळा चिकटतो की पाय उचलवत नाही.

म्हणून ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा. ऑलिव्हची तोडणी सुरू असते, घाणे चालू असतात, ताजं तेल भाजलेल्या पावावर ओतून देतात, हिरवट, कडवट, घशात चांगलाच ठसका लागतो. आमियाता डोंगरावर (१७३८ मीटर, विझलेला ज्वालामुखी) चेस्टनटचा सीझन असतो, गावोगावी जत्रा. सकाळी दरीत धुकं. एक मात्र आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग पाचलाच अंधार, आणि नोव्हेंबर लागला की बरीच हॉटेलं बंद व्हायला लागतात.

राहायला एकच जागा घ्या, आठवडाभर, शेतावरचं अ‍ॅग्रितुरिस्मो, म्हणजे शेतघरातली राहण्याची सोय. त्या घरांकडे नीट बघा, टेकडीवर एकटं दगडी घर, खाली बैलांचा गोठा, वर माणसं, बाहेरून जिना. ही अर्धेलीने जमीन कसणाऱ्यांची घरं, निम्मं पीक मालकाला. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं शहराकडे गेली, घरं ओस पडली, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि १९८५ मध्ये अ‍ॅग्रितुरिस्मोचा कायदा आला तेव्हा कुठे यातल्या बऱ्याच घरांत पुन्हा चूल पेटली. फोटोत दिसते ती सायप्रसच्या झाडांची नागमोडी रांग पण निसर्गाने नाही लावलेली. ओरिगो दांपत्याने १९२० च्या दशकात ला फोचे नावाची उजाड इस्टेट घेतली, ती त्यांच्या काळातली. एवढं कळल्यावर तेच दृश्य तेच राहत नाही, घरच्यांना हे सांगा.

पिएंझा हे गाव मागच्या वेळी फोटोपुरतं केलं असणार, सगळे तेच करतात. आता सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी बसेस गेल्यावर जा. पोप पायस दुसरा इथला, गावाचं नाव तेव्हा कोर्सिन्यानो, त्याने १४५९ पासून रोस्सेल्लिनो या वास्तुकाराकडून चौक, चर्च, वाडा असं सगळं तीनेक वर्षांत बांधून घेतलं आणि गावाला स्वतःचं नाव दिलं, हौसेला मोल नाही! वाड्याच्या मागच्या बागेतून समोर थेट आमियाता दिसतो. पेकोरिनो चीज घ्याल तेव्हा तीन वयांचं चाखायला मागा, कोवळं, मधलं, जुनं. शाकाहारी असाल तर "काल्यो वेजेताले?" म्हणजे वनस्पतीचं रेनेट का, असं विचारा, कारण मेंढीच्या दुधाचं असलं तरी ते घट्ट करायचं रेनेट बऱ्याचदा प्राण्याचं असतं. पिची हा जाडा हाताने वळलेला पास्ता साधारण पीठ-पाण्याचाच, आल्योने म्हणजे मोठ्या सौम्य लसणाच्या सॉसमधला मागवा. पाव बिनमिठाचा असतो, सवय करून घ्यावी लागते.

बान्यो विन्योनीला चौकातच गरम पाण्याचा हौद आहे, त्यात उतरायला बंदी. पाय बुडवायचे तर खाली जुन्या गिरण्यांच्या बाजूला.

गाडी लागेलच. भारतीय लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट हवं. जुन्या गावांच्या तोंडाशी लाल गोलाचा बोर्ड असतो, झोना आ त्राफिको लिमितातो, म्हणजे गाड्यांना मर्यादित प्रवेश, तिथे आत घुसू नका, कॅमेरा असतो, दंड महिन्यांनी घरी येतो. पांढऱ्या पट्ट्यांचं पार्किंग फुकट, निळ्याचं पैसे देऊन, पिवळ्याच्या वाटेला जाऊ नका.

एक दिवस शेजारच्या उंब्रियातल्या मोंतोने गावासाठी काढाच. वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावचा पुतळा कोकणात जाता-येता बघितला असेल, तेच. २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय.

आणि व्हिसाचं बघून घ्या. २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडा सैल झालाय, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरलेले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री मिळू शकतो. तो मिळाला तर पुल्या पुढच्या उन्हाळ्यात, भांडणच मिटलं.